जनावर घेण्याआधी गावाचा नकाशा उघडा

(आष्टी येथे झालेल्या प्रभागसंघाच्या सभेत आपल्या एका पशुसखी ताईंनी केलेलं हे भाषण. सभेनंतर अनेक गटांनी ते लिहून मागितलं, म्हणून त्यांच्याच बोलीत इथं देत आहोत. बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



मला विषय दिलाय शेळीपालन आणि गाईपालन. लस कधी द्यायची, जंताचं औषध कधी पाजायचं, गोचीड कसा काढायचा, हे मी तुमच्या दारात येऊन सांगतेच. आज त्यातलं काही सांगणार नाही. आज हा कागद आणलाय. दोघीजणी जरा पुढं या गं, दोन्ही टोकं धरा. मागच्या मावशी, तुम्हीपण पुढं सरका. लांबून नुसतं कोळ्याचं जाळं दिसेल.

हा आपल्या भागाचा नकाशा आहे. पण कागदाआधी माझी गोष्ट सांगते, म्हणजे मी हा का घेऊन फिरते ते कळेल.

दोन गाई आणि एक कोरडं बोअर

२०१७ साली मी गटातून कर्ज काढलं आणि दोन संकरित गाई घेतल्या. त्या वर्षी पाऊस बरा होता. दूध चांगलं निघालं, हप्ता वेळेवर गेला. गटातल्या बाया म्हणाल्या, हिचं बघून आपणपण घेऊ. त्यांनीही घेतल्या. गावात वर्षभरात गाई वाढल्या, आम्हाला वाटलं आता आपले दिवस आले.

२०१८ चा पाऊस मधेच गेला. दिवाळीनंतर विहिरीनं तळ दाखवला, संक्रांतीला बोअर फुसफुसायला लागलं. घरच्या माणसाला टँकरचं पाणी मिळायचं, पण गाईला बादलीभर पाणी देऊन भागत नाही. कडबा महागला. शेवटी एक गाय बाजारात नेली आणि घेतली त्याच्या निम्म्यालाही गेली नाही. दुसरी गाय घेऊन मी छावणीत राहिले, उन्हात, पालाखाली. माझ्या चार शेळ्या होत्या, त्यांना आमच्या जवळच्या छावणीत जागा नव्हती. त्या आत्याबाईंनी घरी सांभाळल्या. रोज दोन हंडे डोक्यावर आणून.

गाय गेली, कर्ज राहिलं. मला वाईट कशाचं वाटलं सांगू? कर्ज घेताना गटानं मला सगळं विचारलं होतं. गोठा आहे का, चारा आहे का, हप्ता कुठून देशील, नवऱ्याची सही आहे का. पाणी किती आहे, हे कुणी विचारलं नाही. मीपण स्वतःला विचारलं नाही. विहीर आहे म्हणजे पाणी आहे, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो.

काळी रेघ, निळी रेघ

हा नकाशा मला माझ्या पोरीनं दाखवला. ती अकरावीला आहे, भूगोलाच्या प्रात्यक्षिकात असतो. याला स्थलनिर्देशक नकाशा म्हणतात, ऑफिसात टोपोशीट म्हणतात. डेहराडूनला भारतीय सर्वेक्षण विभाग आहे, १७६७ साली सुरू झालेला. तो हे नकाशे काढतो. आता त्यांच्या संकेतस्थळावरून मोबाईलवरही उतरवून घेता येतात. जुन्या मांडणीत आपली आष्टी ४७ एन या पत्रकात येते.

प्रमाण आहे ५० हजारास एक. म्हणजे नकाशावरचा एक सेंटीमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. करंगळीचं नख ठेवून बघा, ते साधारण सेंटीमीटरभर असतं. एक नख म्हणजे अर्धा किलोमीटर. बाईनं दोन नखं पाणी वाहिलं तर ती एक किलोमीटर चालली, आणि तेवढंच परत आली.

आता या तपकिरी रेषा बघा. या उंचीच्या रेषा, समोच्च रेषा. आपल्या कामावर कंटूर म्हणतात त्याच. एका रेषेवर सगळीकडं उंची सारखी. एका रेषेवरून शेजारच्या रेषेवर गेलं की २० मीटर चढलो किंवा उतरलो. रेषा दाट असल्या तर चढण खडी, विरळ असल्या तर जमीन सपाट. आणि या रेषा जिथं वरच्या अंगाला टोक करून वळतात ना, तिथून पाणी उतरतं. तिथं ओढा असतोच.

आता ओढ्याचा रंग बघा. पाणी असेल तिथं निळा. पण आपल्या भागात बघा, बहुतेक सगळ्या बारीक रेघा काळ्या आहेत. काळी रेघ म्हणजे कोरडा ओढा. पावसाळ्यात वाहतो, मग वाळू आणि गोटे. पोरगी म्हणाली, "आई, काळ्या रेघा कितीयेत बघ." मी मोजायला बसले आणि मोजणंच सोडून दिलं.

आत्याबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, "कागदात काय बघता, मला इचारा." मी म्हटलं, सांगा. त्यांनी देवळापासून बोट ठेवलं आणि बोलत निघाल्या. इथं म्हसोबा, इथं दोन ओढे मिळतात, इथं पूर्वी चैतापर्यंत झिरा असायचा, इथं म्हशी बसायच्या, इथून वर नुसता खडक. बोट आणि काळी रेघ एकाच वाटेनं चालली होती. नकाशा काढणारा साहेब आणि माझी सासू एकच गोष्ट सांगत होते. फरक एवढाच, की झिरा कुठं होता ते साहेबाच्या कागदावर नव्हतं.

तेव्हा मला कळलं की आपल्याला दोन्ही लागतात. कागद, आणि म्हाताऱ्या माणसाचं बोट.

आपलं पाणी कुठं जातं?

हा नकाशा जोडून मोठा केला की एक गोष्ट दिसते. आपला बीड जिल्हा म्हणजे गोदावरीचा, असं आपण शाळेत शिकलो. बीड शहराची बिंदुसरा सिंदफणेला जाते, सिंदफणा गोदावरीला. पण आपल्या आष्टीचं तसं नाही. मधे बालाघाटाचे डोंगर आडवे आहेत. आपल्याकडची मेहेकरी, कडी सीनेला मिळतात. सीना भीमेला, भीमा कृष्णेला. जिल्हा एक, पण पाण्याच्या वाटा दोन. म्हणून तर कृष्णा-मराठवाडा योजनेत आपल्या तालुक्याचं नाव येतं, खुंटेफळच्या तलावाची चर्चा होते.

ते पाणी येईल तेव्हा येईल. त्याच्यासाठी बोलणारे पुष्कळ आहेत. पण आपण डोंगराच्या उतारावरची माणसं. पाऊस पडला की पाणी आपल्या दारावरून पळत सीनेला जातं. आपला दगड काळा, बेसॉल्टचा. वरचा मुरूम थोडं पाणी धरतो, खालचा अखंड दगड धरत नाही. भेगा लागल्या तर बोअरला पाणी, नाही तर धूळ. म्हणून खोल खोल बोअर मारणं म्हणजे जुगार आहे. राज्याच्या भूजल कायद्यानंही ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल जायला मनाई केलेली आहे. तरी आपण जातो आणि त्याचंही कर्ज फेडतो.

हिशोब मांडू या

आता वही काढा. बँकेचे दादा, तुम्हीपण बघा, चुकलं तर सांगा.

संकरित दुभती गाय उन्हाळ्यात दिवसाला सत्तर-ऐंशी लिटर पाणी पिते. ऐंशी धरू. कालवड पंचवीस, शेळी सहा. समजा एका गावात गटांच्या मिळून ४० गाई, २५ कालवडी आणि २०० शेळ्या आहेत. गाईंना ३,२०० लिटर, कालवडींना ६२५, शेळ्यांना १,२००. एका दिवसाचे झाले ५,०२५ लिटर. फेब्रुवारी ते मे असे १२० दिवस धरले तर सहा लाख लिटर. दहा हजारांचा टँकर धरला तर साठ टँकर.

घाबरलात ना? आता दुसरी बाजू बघा. एक गुंठा जमिनीवर सहाशे मिलिमीटर पाऊस पडला की साठ हजार लिटर होतात. म्हणजे दहा गुंठ्यांवरचा वर्षाचा पाऊस सहा लाख लिटर. दहा गुंठे! गावभरच्या जनावरांचं उन्हाळ्याचं पिण्याचं पाणी दहा गुंठ्यांवर पडतं. सगळं अडत नाही, खरं आहे. काही मुरतं, काही वाहतं, आणि उघड्या तळ्यातून उन्हाळ्यात दिवसाला आठ-दहा मिलिमीटर उडून जातं. म्हणून दहाचे पन्नास गुंठे धरा. तरी आवाक्यातलं आहे.

मग अडतं कुठं? चाऱ्याला. एक एकर घासाला एकदा दोन इंच पाणी दिलं की दोन लाख लिटर गेले. तेवढ्या पाण्यावर आपल्या त्या चाळीस गाई दोन महिने पितात. एका एकराचं एक पाणी, आणि चाळीस गाईंचं दोन महिन्यांचं पिणं! उन्हाळ्यात विहीर गाई पिऊन संपवत नाहीत, गाईसाठी लावलेला हिरवा घास संपवतो.

म्हणून माझं सांगणं आहे की उन्हाळ्याचा चारा पावसाळ्यातच धरायचा. ज्वारीचा कडबा विकायची घाई करायची नाही. मका हिरवी असताना कापून मुरघास भरून ठेवायचा. गायरानातलं गवत वाळवून गंजी लावायची. आणि ज्या गावात हे होत नाही, तिथं गाईऐवजी आपली काळी उस्मानाबादी शेळी बरी. ती झाडपाल्यावर निभावते, बऱ्याचदा जुळी देते, आणि अडचणीला एकेक विकता येते. अर्धी गाय विकता येत नाही.

पाणी असेल तिथं जनावर थांबतं

अमेरिकेत टेक्सास, ॲरिझोना असा कोरडा मुलूख आहे. तिथं हजारो एकरांच्या रानात गुरं मोकळी चरतात. तिथल्या सरकारी नकाशांवर ओढा तुटक निळ्या रेषेनं दाखवतात, म्हणजे कधी वाहतो, कधी नाही. आणि जनावरांना पाणी उपसणारी पवनचक्की, पाण्याची टाकी, हेसुद्धा नाव घालून दाखवतात. कारण तिथल्या गुराख्याला माहीत आहे, की गुरं पाण्यापासून फार लांब जात नाहीत. पाण्याजवळचं गवत मुळासकट जातं, लांबचं तसंच वाळतं.

आपल्या गायरानात काय वेगळं आहे? ओढ्याकाठी सगळं बोडकं आणि वरच्या अंगाला गवत उभं. आपल्या नकाशावर विहीर असते, तलाव असतो, पण जनावराचा हौद नसतो. मग तो आपण काढू. कुठं आहे तो काढू, आणि कुठं पाहिजे तो लाल पेननं काढू. हौद गायरानाच्या मधोमध गेला तर चराई सगळीकडं सारखी होते.

आणखी एक बारीक गोष्ट. ओढ्याशेजारी कधी कधी ३ आर, ५ आर असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ काठ तिथं तीन मीटर, पाच मीटर उंच आहे. तिथं खाली पाणी असलं तरी गाभण गाय उतरणार नाही, उतरली तर पाय मोडून बसेल. तिथं उतार काढून घ्यावा लागतो. जिथं काठ कमी आणि दोन ओढे मिळतात, ती जागा आधी बघायची. छोटा बांध घातला तर खालच्या विहिरीला फायदा होईल का, हे बघायचं. आणि सुरुवात मात्र वरून करायची. माथ्याला समतल चर, मग दगडी बांध, मग नाल्यातलं काम. खाली बांध घातला आणि माथा तसाच उघडा ठेवला, तर दोन पावसांत बांध गाळानं भरतो.

आपल्या शेजारी नगर तालुक्यात हिवरे बाजार आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणी बघून आल्यात. तिथं नुसते चर खणले नाहीत. मोकाट चराईला बंदी केली, गवत कापून न्यायचं ठरवलं, शेतीसाठी बोअर नको असं ठरवलं आणि दरवर्षी गावात बसून पाण्याचा ताळेबंद मांडला. चर तर यंत्रसुद्धा खणतं. बाकीचं माणसांनी बसून ठरवायला लागतं.

गायरानाबद्दल बोलताना एक सांगते, रागावू नका. गायरानावर आपल्याच काही भूमिहीन बहिणींची पोटं आहेत. कुणी वर्षानुवर्षं तुकडा कसतंय. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामाईक जमिनी आणि तळी राखायला सांगितली, त्याच निकालात भूमिहीनांना रीतसर दिलेल्या जमिनीचा अपवादही केला. म्हणून गायरान वाचवायचं म्हणून गरिबीतल्या बाईला हाकलायचं नाही. जनावर कुणाचं, जमीन कुणाची, गवत कुणाला, हे तिला शेजारी बसवून ठरवायचं. आणि ज्या बाया ऊसतोडीला जातात, त्यांच्या शेळ्या घरी म्हातारीजवळ असतात. हौद लांब झाला तर ती म्हातारी मरेल. तिची नखंसुद्धा नकाशावर मोजा.

नकाशा जुना असतो, पाय ताजे असतात

नकाशावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. नगर-आष्टी रेल्वे २३ सप्टेंबर २०२२ ला सुरू झाली, ती जुन्या पत्रकावर तुम्हाला दिसणार नाही. नवी शेततळी नाहीत, बुजवलेले ओढे नाहीत, कुणी नांगरून टाकलेली पाणंद नाही. म्हणून शिवारफेरी करायची. कागद हातात, म्हातारी माणसं बरोबर.

आमच्या गटानं गेल्या वर्षी हे केलं. सहा बायका, दोन सासवा आणि माझी पोरगी. एका पाझर तलावात कमरेएवढा गाळ निघाला. ७२ च्या दुष्काळात आमच्या आत्याबाईंनी त्याच तलावावर खडी फोडली होती. त्या काठावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आम्ही बांधला, तुम्ही भरू दिला." कुणाला काही बोलता आलं नाही. मग आम्ही ग्रामसभेआधीच्या महिला सभेत विषय मांडला. नकाशा भिंतीला लावला. गाळ काढण्याचा ठराव झाला. सगळं काम झालंय असं मी म्हणणार नाही. अर्धा गाळ निघाला, अर्धा राहिलाय. पण नुसतं "पाणी नाही" म्हटल्यावर जे लोक मान हलवून जायचे, ते नकाशावर बोट ठेवल्यावर थांबून बघायला लागले.

एवढं करा

पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक ग्रामसंघानं चार गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे.

एक, आपल्या शिवाराचा नकाशा मिळवा आणि त्यावर ओढे, विहिरी, तलाव, गायरान आणि हौद रंगवा. पोरींना बसवा, त्यांना येतं.

दोन, गावातल्या तीन विहिरी ठरवा. दिवाळीला, संक्रांतीला आणि पाडव्याला दोरीला गाठी मारून पाणी मोजा आणि वहीत लिहा. वीस फूट रुंद गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे नऊ हजार लिटर. आपल्या हिशोबातल्या गावाची जनावरं ते दोन दिवसांत पितात.

तीन, गावातली जनावरं मोजा. तुमचं माझं न करता, सगळी.

चार, गाईच्या किंवा शेळीच्या कर्जाचा अर्ज आला की गोठ्याबरोबर पाणी आणि चारा विचारा. हे तिला अडवायला नाही. पाणी कमी असेल तर दोन गाईंऐवजी एक गाय आणि मुरघासाची टाकी घे, किंवा पाच शेळ्या घे, असं सांगायला.

कर्ज देताना नाही म्हणणं अवघड असतं, मला कळतं. समोर आपलीच मैत्रीण बसलेली असते. पण २०१७ ला मला कुणीतरी एवढंच विचारलं असतं ना, की ताई, चैतात या गाईला कुठल्या विहिरीचं पाणी पाजशील, बोटानं दाखव, तर मी एकच गाय घेतली असती. आणि ती आज माझ्या दारात असती.

कागद इथंच ठेवून जाते. चहा घेता घेता आपापलं गाव शोधा. सापडलं नाही तर मला हाक मारा.

राम राम.